बंद पेटीची ऊब

थोरल्याने लोखंडी डबा आणला आणि रविवारची दुपार तिथेच बिनसली.

"हा माझा भाग," म्हणत त्याने तो खोक्यातून बाहेर काढला आणि बाबांच्या कामाच्या टेबलावर, लाकडी पेटीला अगदी खेटून ठेवला. काळा, चकचकीत, एका बाजूला काच, पुढे जाळी, आत तीन पंखे आणि पंख्यांना रंगीबेरंगी दिवे. आईने चष्मा कपाळावर सरकवून डबा न्याहाळला.

"मासे कुठायत?" तिने विचारलं.

धाकटा खो खो हसला. थोरला हसला नाही. "कॅबिनेट म्हणतात याला, आई. कॉम्प्युटर यातच बसवतात. जगभर."

"पण यादीत कॅबिनेट नव्हतं, दादा," मधली म्हणाली.

"नव्हतं. कारण यादी तू केलीस."

यादी खरं तर वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, केली होती. अठरा वर्षं शाळेची कॉम्प्युटरची खोली सांभाळणाऱ्या वहिनीचा या विषयात घरात शेवटचा शब्द होता, आणि गेल्या रविवारी तिने एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर कोणी काय आणायचं ते लिहून दिलं होतं. या घरात काहीही नवं उभं राहायचं ते प्रत्येकाचा हात लागूनच, हा नियम रेडिओच्या दिवसांपासूनचा. त्याप्रमाणे मदरबोर्ड आणि प्रोसेसर वहिनीने आणले, कारण ते एकमेकांना जुळायला हवेत आणि जुळवाजुळवीचं काम या घरात तिलाच येतं. रॅम धाकट्याने आणली. पंखा आईच्या नावावर होता, कारण "मला वाऱ्याशिवाय जमत नाही, त्यालाही जमणार नाही" असं तीच म्हणाली होती. थोरल्याच्या वाट्याला स्क्रीन आली होती आणि ती त्याने बुधवारीच पोचती केली होती. म्हणजे हा डबा वरचा. आणि तो का आणलाय, हे तिथे बसलेल्या पाचही जणांना कळत होतं.

बाबा गेल्यावर त्यांचा हा कारखाना रिकामा झाल्याला महिना होत आला होता. पटाशा, रंधे, सरसाचं भांडं, सगळं ज्याच्या त्याच्या घरी गेलं. उरलं होतं ते टेबल, त्याच्या खणातलं गिरमिट, खिळ्याला टांगलेली बारीक पात्याची करवत, शेजारच्या खिळ्यावरचं पिवळं फडकं, आणि ही पेटी. बाबांनी केलेली शेवटची. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओच्या पेट्या केल्या आणि ही केली तेव्हा रेडिओ घेऊन येणारं कोणी राहिलं नव्हतं. तरी त्यांनी केली. तांबूस लाकूड, गोल वळवलेले कोपरे, वर उघडणारं झाकण, मागे वायरींपुरतं दोन बोटांचं छिद्र. पुढची बाजू मात्र कोरी. आवाज बाहेर यायचं भोक ते रेडिओ आल्यावरच पाडायचे, आणि रेडिओ काही आला नाही.

पेटी थोरल्याला आपल्या घरी, बैठकीच्या खोलीत ठेवायची होती. मधलीला तिच्यात तिचा कॉम्प्युटर बसवायचा होता. आई दोघांनाही म्हणाली होती, "ज्याच्या कामी येईल त्याने न्यावी."

"तेव्हा आता बघ," थोरला समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुझा कॉम्प्युटर यात. चांगली हवा खेळते, दिवे आहेत. पेटी माझ्याकडे. भांडणाचं कारणच उरत नाही."

"दिवे घेऊन मी काय करू? मला उद्यापासून घरांचे नकाशे काढायचेत, वरात नाही काढायची."

मधली तेवीस वर्षं एका इमारती आखणाऱ्याच्या हापिसात नकाशे काढत होती. आता हापिसाने जागा सोडली होती आणि सोमवारपासून काम तिच्या घरी येणार होतं. आज संध्याकाळपर्यंत यंत्र उभं राहायलाच हवं होतं. पण तिच्या मनात त्याहून मोठी एक गोष्ट होती आणि ती तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

गेले काही महिने तिला एकच स्वप्न पडत होतं. कारखान्याच्या खिडकीतून तिरपं ऊन आलंय, उन्हात लाकडाची भुकटी तरंगतेय, आणि बाबा बंद पेटीवरून तळवा फिरवतायत. आत कुणाचा तरी रेडिओ घुमतोय. बाबांचा तळवा ही गावभर सांगितली जाणारी गोष्ट होती. पेटीचं झाकण लावायचं, रेडिओ मोठ्याने सोडायचा, आणि लाकूड जिथे सगळ्यात जास्त थरथरेल ती जागा हाताने शोधून तिथेच करवत लावायची. बाबांच्या पेटीतला आवाज म्हणे समोर बसून कुणी बोलावं तसा यायचा. स्वप्नात मात्र बाबांचा हात फिरतच राही, जागा काही सापडत नसे, आणि मधली त्या घुमण्यात तरंगत हळूहळू जागी व्हायची. जागी झाल्यावर तिला बरं वाटायचं. जागा सापडलेली नाही म्हणजे काम चालू आहे, आणि काम चालू आहे म्हणजे बाबा आहेत, असा तिचा सरळ हिशेब होता.

म्हणून तर पेटीला कुणी हात लावू नये आणि तरी ती कामी यावी, असा घाट तिने घातला होता. दुकानांच्या गल्लीत वहिनीबरोबर फिरताना तिने एकाच गोष्टीचा हट्ट धरला. दुकानदार कंटाळून म्हणालासुद्धा, "ताई, येणारा प्रत्येक जण मला विचारतो सगळ्यात वेगवान कुठला. सगळ्यात थंड कुठला विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तिने निवडला तो प्रोसेसर कमी वीज खाणारा. चित्रांसाठी वेगळं कार्ड नको, कारण ते तापतं. वीज देणारा ठोकळासुद्धा तिने पेटीबाहेर राहणारा घेतला. मदरबोर्ड हातभर नाही, वीतभर. वहिनीने दोनदा विचारलं होतं, "मधले, बंद पेटीत हवा जाणार कुठून?" आणि दोन्ही वेळा मधलीने विषय बदलला होता.

"आधी लाकडात बसवून बघू," वहिनी आता उठत म्हणाली. "नाहीच जमलं तर डबा आहेच."

"तू तिच्या बाजूने का?" थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

"मी कुणाच्याच बाजूने नाही हो. मी मदरबोर्डच्या बाजूने. कधीचा बिचारा ताटकळलाय."

मग सगळे कामाला लागले आणि भांडण थोडा वेळ बाजूला पडलं. खिडकीतलं ऊन टेबलावर सरकत आलं होतं. वहिनीने मदरबोर्ड पिशवीतून काढून उन्हात धरला तेव्हा मधलीला वरून पाहिलेलं एखादं शहर दिसलं. रस्ते, चौक, रांगेने उभी घरं, आणि मधोमध एक मोकळं मैदान, तिथे प्रोसेसर बसायचा होता.

"कोपऱ्यावरचा त्रिकोण त्रिकोणासमोर," वहिनी म्हणाली. "जोर नाही लावायचा. आपणहून बसतो."

प्रोसेसर बसला. धाकट्याने रॅमच्या पट्ट्या खाचेत दाबल्या, 'खट्' असा आवाज आला आणि तो खूश झाला. तो नाटक कंपनीत आवाजाचं काम बघायचा, कुठलीही गोष्ट नीट बसली की नाही हे तो कानाने ठरवायचा. आईचा पंखा आईनेच धरून ठेवला, वहिनीने त्याचे स्क्रू आवळले. मधलीने डिस्क बसवली. थोरला हाताची घडी घालून उभा होता, पण वायर मागच्या छिद्रातून येईना तेव्हा त्यानेच पुढे होऊन ती दोरीला बांधून ओढून काढली. आयुष्य लिफ्टच्या तारा तपासण्यात गेलेला माणूस तो, त्याला राहवेना.

यंत्र चालू झालं. स्क्रीन उजळली. आईने टाळी वाजवली.

"आता झाकण," मधली म्हणाली.

"आणि तिचं खरं काम सुरू कर," थोरला म्हणाला. "नुसतं चालू ठेवून काय कळणार?"

मधलीने सतरा मजल्यांचा एक नकाशा उघडला आणि तो चहू बाजूंनी फिरवायला लावला. वहिनीने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा आणून ठेवला. धाकटा तो मोठ्याने वाचू लागला.

"बावन्न. अठ्ठावन्न. साठ."

"चांगलं आहे," मधली म्हणाली.

"एकाहत्तर."

पेटीतून पंख्याचा घूं घूं आवाज येत होता, लांबून येणाऱ्या जुन्या रेडिओसारखा. मधलीने डोळे मिटले. ते ऊन, ती भुकटी, तो आवाज, हुबेहूब सगळं स्वप्नातलं होतं. हे असंच चालू राहावं, असं तिला फार फार वाटलं.

"त्र्याऐंशी. एक्क्याण्णव. वहिनी, नकाशा अडखळायला लागला गं."

"झाकण उघड, मधले."

"थांब जरा. थांबेल तो तिथेच."

"तो नाही थांबत. आतली गरम हवा आतच फिरतेय."

"सत्त्याण्णव," धाकटा म्हणाला, आणि स्क्रीन काळी झाली. घूं घूं थांबली. कारखान्यात इतकी शांतता पसरली की रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली.

"जळला का?" आईने विचारलं.

"नाही आई. फार तापला की स्वतःच बंद होतो. शहाणा असतो," वहिनी म्हणाली, आणि तिने नणंदेकडे बघायचं टाळलं.

"झाकण उघडं ठेवूनच वापरायचा," धाकट्याने तोडगा काढला.

"झाकण उघडंच ठेवायचं तर पेटी कशाला?" आई म्हणाली. "परातीत मांडा की."

"म्हणून म्हणतो, डबा घे," थोरला म्हणाला.

"तुला नुसती पेटी हवीय, दादा!" मधलीचा आवाज चढला. "बाबा होते तेव्हा म्हणालास, रेडिओ आता कोण घेतंय. दुसऱ्या आठवड्यात लिफ्टच्या नोकरीला लागलास. आणि आता पेटी हवी!"

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. थोरल्याचा चेहरा उतरला. तो टेबलाच्या कडेवर टेकला.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "आणि त्यानंतर त्यांनी ही केली. कुणी सांगितली नव्हती, कुणी मागितली नव्हती. मला दाखवायला केली, गं. भोक पाडायचं राहिलं. म्हटलं, माझ्या घरी राहील. रोज समोर दिसेल. तिला कुणी हात लावायचा नाही."

"मलाही तेच हवंय," मधली म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "तिला भोक पाडलं की बाबांचं काम संपलं. मग काहीच राहत नाही त्यांचं बाकी. म्हणून मी सगळं थंड थंड शोधत फिरले, दादा. नकाशे हळू निघाले असते, चाललं असतं मला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. महिनाभर ज्यासाठी फोनवर धड बोलले नव्हते, ती गोष्ट दोघांना एकसारखीच हवी होती. वहिनीने हळूच धाकट्याला कोपराने ढोसलं. आता भाऊबहीण एक झाले, म्हणजे पेटी कायमची कपाटावर जाणार आणि कॉम्प्युटर मत्स्यालयात, हे तिला दिसत होतं.

"झालं का रडून?" आई म्हणाली.

ती खुर्चीतून उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून एकदा थांबली, मग टेबलाजवळ आली. "तुम्ही दोघं मिळून ह्यांना अर्धवट ठेवताय. त्यांना आवडलं असतं का? ज्या माणसाने उभ्या जन्मात एक पेटी अपुरी दिली नाही कुणाला, त्याची हीच तेवढी अपुरी ठेवायची? आणि वर म्हणायचं, प्रेमापोटी."

थोरला पेटीच्या कोऱ्या बाजूकडे वळला.

"पण भोक पाडायचं तरी कुठे?" थोरला शेवटी म्हणाला. "जागा बाबांच्या तळव्याला कळायची. आपल्यापैकी कुणाला येतं ते?"

"बघ तर हात लावून. सूनबाई, सुरू कर तुझं ते."

वहिनीने यंत्र पुन्हा चालू केलं, नकाशा फिरता केला, झाकण लावलं. थोरल्याने पेटीवर तळवा ठेवला. पुढे, बाजूला, मग वर. बराच वेळ त्याचा हात झाकणावरच राहिला. "इथे. इथे ऊब आहे."

"वर ऊब जाणारच. आधणावरचं झाकण गरम लागतं म्हणून जाळ झाकणात असतो का?" आईने त्याचा हात बाजूला केला. मग तिने खिळ्यावरचं पिवळं फडकं काढलं, दोनदा झटकलं, आणि पेटी पुसायला लागली. नेहमीसारखी, सहज, धूळ पुसावी तशी. डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग पुन्हा वर. तिची बोटं फडक्याखालून लाकडावर टेकलेली होती. पुढच्या बाजूला, मधोमध नव्हे, डावीकडे जरा वर, तिचा हात हळू झाला. तिने फडकं तिथे दाबून धरलं आणि मधलीकडे पाहिलं.

मधलीने ते फडकं ओळखलं.

लहानपणच्या कारखान्यातल्या प्रत्येक आठवणीत ते फडकं होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, बाबा तळवा फिरवतायत, आई चहा घेऊन आलीय, चहा ठेवल्यावर पेटी पुसतेय. "काय धूळ ही," असं म्हणतेय. आणि जाताना पेटीच्या पुढच्या बाजूला एका जागी फडकं जरा दाबून धरतेय. त्यानंतर बाबांचा हात नेमका तिथे येऊन थांबायचा. गिऱ्हाईक थक्क व्हायचं.

"आई," मधली म्हणाली, "तू?"

"मग काय तर. ह्यांच्या हाताला लहानपणापासून सरस आणि पॉलिश. कढत पेला धरला तरी कळायचं नाही त्यांना, थरथर कुठून कळायची? पहिल्याच वर्षी एक पेटी वाया गेली, रात्रभर झोपले नाहीत. मग मी म्हटलं, तुम्ही हात फिरवा, मी पुसते."

"आणि इतकी वर्षं सगळे म्हणायचे, बाबांचा तळवा."

"म्हणू देत की. करवत त्यांचीच होती ना? तशी वळणदार कापणं मला जन्मात जमलं नसतं." आईने फडकं तसंच धरून ठेवलं होतं. "आता हात भरून आला माझा. कुणीतरी खूण करा."

मधलीने पिशवीतून कंपास काढला. तेवीस वर्षांच्या सवयीने हात स्थिर होता. फडकं होतं तिथे टोक टेकवून तिने वर्तुळ ओढलं. ती बघतच होती तेवढ्यात थोरल्याने खिळ्यावरची करवत काढली.

"अहो, वर्तुळ कशाच्या मापाने काढायचं ते तरी ठरवू," वहिनी घाईने म्हणाली. "इथे एक पंखा लागेल, हवा बाहेर फेकायला. मागच्या छिद्रातून आत येईल, इथून जाईल. पण जास्तीचा पंखा आणलाय कुणी?"

चौघांनीही एकदम काळ्या डब्याकडे पाहिलं.

"घ्या," थोरला म्हणाला. "तीन आहेत."

पंखा काढला, माप घेतलं, मधलीने वर्तुळ पुन्हा आखलं. यंत्र बाहेर काढून ठेवलं. धाकट्याने पेटी दोन्ही हातांनी धरली. थोरल्याने आधी गिरमिटाने एक बारीक छिद्र पाडलं, त्यातून पातं ओवलं, आणि कापायला सुरुवात केली. पहिल्या खर्रकन आवाजाला मधलीने ओठ दाबले. लाकडाचा ताजा वास आला, इतक्या वर्षांनी तसाच, आणि भुकटी उन्हात वर चढली. ती रडत होती, पण करवतीवरून तिची नजर हलत नव्हती. थोरल्याचा हात सवयीचा राहिला नव्हता. खालच्या वळणावर तो जरा बाहेर गेला. वर्तुळाला तिथे पोट सुटलं.

"वाकडं झालं," तो म्हणाला. "तुझी रेघ होती सरळ."

एरवी केसाएवढी चूक दिसली तरी नकाशा पुन्हा काढणारी मधली म्हणाली, "राहू दे तसंच."

यंत्र पुन्हा आत बसलं. पंखा भोकामागे लागला आणि सुरू होताच त्याचे दिवे निळे, जांभळे, हिरवे चमकायला लागले. "आला मासा," आई म्हणाली, आणि यावेळी थोरलाही हसला. वहिनीने स्क्रीनवर काहीतरी खटपट केली आणि सगळे रंग घालवून एकच ठेवला, मंद पिवळा. जुन्या रेडिओच्या काट्यामागे असायचा तसा. नकाशा फिरत होता. धाकटा आकडे वाचत होता. साठवर गेला, चौसष्टवर गेला, आणि मग कितीही वेळ गेला तरी चौसष्टच राहिला.

थोरल्याने रिकामा डबा धाकट्याकडे सरकवला. "तू ने. तुला दिवे आवडतात." कापून निघालेली लाकडी चकती त्याने कोणाला न विचारता खिशात घातली, आणि मधलीने पाहूनही काही म्हटलं नाही. पेटी कोणाकडे जाणार हा प्रश्न कुणी काढलाच नाही. तिच्या मागे मधलीची वायर लागलेली होती.

ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर गेलं होतं. आई खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. भोकातून येणाऱ्या कोमट हवेसमोर तिने तळवा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मांडीवरच्या पिवळ्या फडक्याची तिने घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

"झालं हो तुमचं काम," ती पेटीकडे बघत म्हणाली. "आता बसा निवांत."